सायनसमध्ये हाडाची गाठ निघाली, तर पुढं काय करायचं

सायनसच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘ऑस्टिओमा’ असा शब्द आला असेल, तर आधी एवढं मनात पक्कं करा: ही हाडाची साधी गाठ आहे. ती कॅन्सर नाही, तिचा पुढं कॅन्सर होत नाही आणि ती अंगात दुसरीकडं कुठं पसरत नाही. सायनसमध्ये होणाऱ्या साध्या गाठींत हीच सगळ्यात जास्त सापडते. भलत्याच कारणासाठी काढलेल्या सायनसच्या स्कॅनमध्ये शंभरात तीन जणांपर्यंत ती दिसते आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा जन्मात त्रास होत नाही.

मी कोल्हापुरात कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. निदान करणं आणि ऑपरेशन करायचं का ठरवणं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण डॉक्टर बोलून पुढच्या पेशंटकडं गेले, की नातेवाईक हळूच माझ्याकडं वळतात. “सिस्टर, डोक्यात गाठ म्हणत्यात, खरं सांगा, पोरगं वाचंल न्हवं?” ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाला पुरं उत्तर देता येत नाही. ते इथं सविस्तर लिहितेय.

आधी नेमकं काय आहे ते बघा

आपल्याकडं नाक चोंदलेल्या प्रत्येकाला शेजारीपाजारी सांगतात, “नाकाचं हाड वाढलंय.” दहातल्या बऱ्याच जणांचं प्रत्यक्षात नाकाच्या मधला पडदा वाकडा असतो, नाहीतर आतल्या बाजूच्या मांसल घड्या सुजलेल्या असतात, नाहीतर मऊ पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराचा फुगलेला कोंब असतो. या तिन्हींचा ऑस्टिओमाशी संबंध नाही आणि त्यांचे उपचारही वेगळे. त्यामुळं मामेभावाचं ‘हाडाचं ऑपरेशन’ कसं झालं, किती खर्च आला, त्यावरून तुमचं काही ठरवू नका.

ऑस्टिओमा खुद्द नाकपुडीच्या पोकळीत क्वचित असतो. तो असतो नाकाला जोडलेल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये. सगळ्यात जास्त कपाळाच्या फ्रंटल सायनसमध्ये, मग दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडमध्ये, त्याहून कमी गालाच्या मॅक्सिलरीत, आणि अगदी खोल मागच्या स्फेनॉइडमध्ये फारच क्वचित. हा कशामुळं होतो याचं एकच पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडं नाही. जुना मार, जुना सायनसचा संसर्ग, जन्माआधी कवटीची दोन प्रकारची हाडं जिथं जुळतात तिथला दोष, अशी मतं आहेत. एक मात्र आयांना मुद्दाम सांगते: लहानपणी तुम्ही काही खायला घातलं किंवा घातलं नाही म्हणून हे झालेलं नाही.

नाकातली प्रत्येक टणक गोष्ट हाडाची गाठ नसते. लहान पोरं खेळता खेळता चिंचोका, मणी, खडूचा तुकडा नाकात घालतात आणि घरी सांगत नाहीत. त्याच्यावर वर्षानुवर्षं क्षाराचे थर चढतात आणि मोठेपणी स्कॅनमध्ये पांढरा दगड दिसतो. त्याला ऱ्हायनोलिथ म्हणतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आधी याचा विचार होतो. गालाच्या सायनसमधल्या बुरशीच्या गोळ्यातही पांढरे ठिपके दिसतात. म्हणून नुसता रिपोर्टाचा कागद पुरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञानं दुर्बिणीनं नाक आतून बघायला हवं आणि स्कॅन स्वतः बघायला हवा.

आता ज्यात थांबायचं नाही ती लक्षणं. एकाच नाकपुडीतून वरचेवर घोळणा फुटणं, एकच बाजू वाढत वाढत बंद होणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलायला लागणं, रिपोर्टात हाड ‘खाल्लं गेलंय’ असा उल्लेख असणं. हे साध्या ऑस्टिओमाचं वागणं नव्हे. यात आठ-पंधरा दिवसांतच तज्ज्ञाकडं जायचं.

स्कॅन कसा बघायचा

ऑस्टिओमासाठी सीटी लागतो, तोही साधा, शिरेतून औषध न देता, बारीक कापांचा. चिठ्ठीवर ‘एनसीसीटी पीएनएस’ लिहिलेलं असतं तो हाच. डोकं दुखतंय म्हणून मेंदूचा एमआरआय काढलेले कितीतरी जण “एमआरआय नॉर्मल आहे” म्हणून निश्चिंत असतात. पण एमआरआयमध्ये टणक हाड काळं दिसतं आणि सायनसमधली हवाही काळीच दिसते. काळ्यात काळं दडून जातं. एमआरआय लागतो तो गाठ डोळ्याकडं किंवा मेंदूकडं सरकली असेल, किंवा मागं पाणी साठून फुगा झाला असेल तेव्हा.

प्लेट खिडकीच्या उजेडात धरा. ज्या ओळीत चेहरा समोरून कापल्यासारखा दिसतो, दोन बाजूंना डोळ्यांच्या दोन गोल खाचा दिसतात, ती कोरोनल ओळ. हवा काळी, हाड पांढरं, आणि सूज, पू किंवा साठलेलं पाणी करडं. डोळ्यांच्या मधोमध बारीक बारीक काळे कप्पे आहेत ते एथमॉइड. त्याच्या वर, भुवयांच्या मागं, दोन काळ्या पोकळ्या आहेत त्या फ्रंटल. त्या काळ्यात एक पांढरा ठिपका, कडा गुळगुळीत, आजूबाजूच्या हाडाइतकाच किंवा त्याहून जास्त पांढरा, तो ऑस्टिओमा. सगळा पांढराशुभ्र असेल तर टणक प्रकारचा, आत करडी छटा असेल तर मऊ किंवा मिश्र प्रकारचा. आता त्याच्या भोवतीचा रंग बघा. भोवती काळं म्हणजे हवा खेळतेय. भोवती करडं भरलंय म्हणजे निचरा अडलाय. डॉक्टरांना विचारायचे निम्मे प्रश्न तुम्हाला या एका ओळीतून सुचतील.

पेशंट पहिला प्रश्न करतात तो “किती मोठी आहे?” असा. त्याहून महत्त्वाचं आहे ती कुठं आहे. आपल्या जुन्या घरांतली मोरी आठवा. मोरीच्या कोपऱ्यात मोठा धोंडा पडला तरी पाणी जातं, पण तोंडाशी बारका खडा अडकला की मोरी तुंबते. फ्रंटल सायनसचा निचरा खाली नाकात एका अरुंद वाटेनं होतो, तिला फ्रंटल रिसेस म्हणतात. त्या वाटेवर 5 मिलिमीटरची गाठ कपाळ ठणकवते, वरचेवर सायनस भरवते. तीच गाठ वर कोपऱ्यात 12 मिलिमीटरची असली तरी माणसाला पत्ता नसतो.

ऑपरेशन नको म्हणाले, म्हणजे उपचार नाहीत असं नव्हे

तालमीतला एक पोरगा आमच्याकडं आला होता. कुस्तीत डोकं आपटलं म्हणून सीटी काढला, मार काही निघाला नाही, पण कपाळात ऑस्टिओमा निघाला, आठेक मिलिमीटरचा, निचऱ्याच्या वाटेपासून लांब. डॉक्टर म्हणाले, काही करायचं नाही, वर्षानं परत बघू. वडील हट्टाला पेटले. मैदानं सुरू व्हायच्या आधी काढूनच टाका म्हणाले. त्यांची काळजी मला कळत होती. पण ज्या गाठीचा त्रास नाही, ती काढायला भुवईमागच्या हाडात, डोळा आणि मेंदू यांच्या मधल्या बोळात ड्रिल फिरवायचं म्हणजे नसलेला धोका विकत घ्यायचा. डॉक्टरांनी त्यांना प्लेट लावून दाखवली, मग पटलं.

ऑस्टिओमा सावकाश वाढतो. वर्षाला एखाद-दीड मिलिमीटर, कित्येकांचा त्याहूनही कमी. म्हणून त्रास नसेल तर लक्ष ठेवणं हाच उपचार, आणि तो नीट केला तरच उपचार. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथंच आहे. घाबरून ऑपरेशनला धावणाऱ्यांपेक्षा “काही करायचं नाही” ऐकून गायब होणारी माणसं मी जास्त बघते. कागलकडची एक बाई अशीच बऱ्याच वर्षांनी आली. डावा डोळा खाली आणि पुढं आलेला, एकाचे दोन दिसायला लागलेले. गाठीनं वाट बंद केली होती, मागं शेंबडाचं पाणी साठत साठत फुगा झाला होता आणि त्या फुग्यानं डोळ्याच्या खाचेचं हाड पातळ करून टाकलं होतं. या फुग्याला म्यूकोसील म्हणतात. ऑपरेशन झालं, डोळा जागेवर आला, दिसणं सुधारलं. पण मधल्या काळात एक स्कॅन झाला असता तर काम निम्म्यात उरकलं असतं.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? पहिल्या स्कॅनची सीडी आणि प्लेट जपून ठेवा. प्लेट गुंडाळू नका, पत्र्याच्या गरम छपराखाली, माळ्यावर टाकू नका, चिकटून खराब होतात. जमलं तर सीडीतले फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढचा स्कॅन साधारण वर्षभरानं सांगतात. वाढ नसेल तर नंतर अंतर वाढवतात. तो शक्यतो त्याच सेंटरला काढा आणि जुना स्कॅन सोबत न्या, म्हणजे त्याच कापावर, त्याच दिशेनं मोजून तुलना होते. दोन वेगळ्या ठिकाणच्या रिपोर्टांत 8 आणि 9 मिलिमीटर आलं म्हणजे गाठ वाढलीच असं नाही, काप इकडचा तिकडं झाला तरी तेवढा फरक पडतो. भीतीपोटी दर दोन महिन्यांनी स्कॅन काढू नका, क्ष-किरण फुकट अंगावर घेणं होतं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर स्कॅनआधी सांगा.

डोकेदुखीची एक वही ठेवा. तारीख, कोणती बाजू, किती वेळ, उजेडाचा-आवाजाचा त्रास होतो का, उलटी होते का, वाकल्यावर वाढतं का. डोकेदुखी आणि ऑस्टिओमा एकाच माणसात असले म्हणजे एकामुळं दुसरं झालं असं नसतं. कपाळात गाठ असलेल्याला अर्धशिशीही असू शकते, आणि गाठ काढून अर्धशिशी जात नाही. ही वही बघूनच डॉक्टरांना बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि नको असलेलं ऑपरेशन टळतं.

नस्य, तेलाचे थेंब, गाठ ‘विरघळवणाऱ्या’ पुड्या यांनी हाड विरघळत नाही. नाक मोकळं करणारे मेडिकलमधले थेंब आठवड्यापेक्षा जास्त वापरलेत तर नाक त्याशिवाय उघडेनासं होतं. सायनस भरल्यावर दिलेली अँटिबायोटिक संसर्ग बरा करतात, गाठीवर त्यांचा काही परिणाम नाही.

कधी काढावीच लागते

निचरा अडून वरचेवर सायनस भरणं, दुसरं कारण न सापडणारी आणि गाठीच्याच जागी येणारी डोकेदुखी, डोळा पुढं येणं किंवा एकाचे दोन दिसणं, पाठोपाठच्या स्कॅनमध्ये स्पष्ट वाढ, फ्रंटल सायनसचा निम्म्याहून जास्त भाग व्यापणं, किंवा गाठ सायनसबाहेर डोळ्याच्या खाचेत वा कवटीच्या तळाकडं सरकणं. यात वाट बघण्यात अर्थ नाही. कवटीच्या तळाला भोक पडलं तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू शकतं आणि नाकातले जंतू वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. ताप, डोळ्याभोवती लालभडक सूज आणि दिसणं कमी होणं एकत्र आलं तर सकाळची ओपीडी बघायची नाही, रात्री निघायचं.

डॉक्टरांना भेटायला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. गाठ नेमकी कुठल्या भिंतीला चिकटली आहे? निचऱ्याची वाट, डोळ्याची खाच, कवटीचा तळ यांपासून किती लांब आहे? सगळं नाकातूनच होईल की बाहेरून छेद घ्यावा लागेल, आणि ऐनवेळी बाहेरून घ्यावा लागला तर? पाणी गळलं तर त्याच वेळी बुजवायची तयारी आहे का, न्यूरोसर्जन हाकेच्या अंतरावर आहेत का? अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत, हे विचारायला लाजू नका. चांगले सर्जन या प्रश्नाला रागावत नाहीत, हे मी जवळून बघितलंय.

ऑस्टिओमासारखे दिसणारे दोन आजार, आणि एक घराण्याचा

रिपोर्टात ‘फायब्रस डिस्प्लेझिया’ असेल तर गोष्ट वेगळी. यात हाडाच्या जागी तंतुमय कच्चं हाड भरतं, स्कॅनमध्ये घासलेल्या काचेसारखा धुरकट भाग दिसतो, कडा शेजारच्या हाडात मिसळून जातात. बहुधा लहान-तरुण वयात दिसतो आणि वयात आल्यावर बऱ्याच जणांत त्याची वाढ मंदावते. सगळं कोरून काढायचा अट्टहास करत नाहीत. दिसण्याला, नजरेला किंवा चेहऱ्याला बाधा येत असेल तेवढंच काढतात. याला किरणोपचार देत नाहीत, कारण त्यानं कॅन्सरचा धोका वाढतो.

‘ऑसिफायिंग फायब्रोमा’ला मात्र हलक्यात घेऊ नका. कडा ठळक, भोवती हाडाचं पातळ कवच. साधीच गाठ, पण तरुणांत ती झपाट्यानं वाढू शकते, थोडी राहिली की परत येते. म्हणून ती शक्यतो पूर्ण काढायची असते.

कवटीत, जबड्यात एकाहून जास्त ऑस्टिओमा असतील, जास्तीचे किंवा हिरडीत अडकलेले दात असतील, कातडीखाली गाठी असतील आणि घराण्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर गार्डनर सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. हा एपीसी नावाच्या जनुकातला दोष. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. यात मोठ्या आतड्यात शेकड्यांनी पॉलिप होतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर चाळिशीच्या सुमारास त्यांचा कॅन्सर जवळजवळ ठरलेला. इथं कपाळातली गाठ वेळेवर सापडली, तर आतड्याची दुर्बीण तपासणी वेळेत होऊन जीव वाचतो. घरात कुणाला असं झालं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा.

ऑपरेशन

पूर्वी भुवईपाशी छेद घ्यायचे किंवा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांत छेद घेऊन कपाळाची कातडी खाली वळवायचे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीनं नाकातले निचऱ्याचे मार्ग उलगडून दाखवले, आणि 1985 मध्ये अमेरिकेत केनेडी यांनी या पद्धतीला नाव दिलं तेच आजचं फेस, म्हणजे बाहेरून छेद न घेता नाकातून दुर्बिणीनं करायचं सायनसचं ऑपरेशन. डिस्चार्ज कार्डावर ‘ड्राफ 2ए’, ‘ड्राफ 3’ असं काही दिसलं तर दचकू नका. जर्मन सर्जन ड्राफ यांनी 1991 मध्ये फ्रंटल सायनस किती रुंद उघडायचा याच्या पायऱ्या मांडल्या, तो आकडा त्यातला. तीन म्हणजे दोन्ही बाजूंचे सायनस एकत्र करून मधे एकच मोठी वाट केली.

गाठ डोळ्याच्या बाहुलीच्या रेषेपलीकडं बाहेरच्या बाजूला असेल किंवा फार मोठी असेल तर नाकातून हत्यार पोचत नाही, तेव्हा आजही केसांतला छेद लागतो. टक्कल असलेल्यांनी व्रण दिसेल का हे आधीच विचारून घ्यावं.

आत काय चालतं ते सांगते, कारण बाहेर बसलेल्यांचा जीव वेळामुळं टांगणीला लागतो. पूर्ण भूल देतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब जरा उतरवून ठेवतात, म्हणजे रक्त कमी येतं आणि दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. नाकात ॲड्रिनॅलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतात, प्रत्येकीला दोरा असतो. किती आत गेल्या, किती बाहेर आल्या हे मोजणं माझं काम, आणि आकडा जुळल्याशिवाय मी सर्जनना पुढं जाऊ देत नाही. पेशंटचे डोळे झाकत नाहीत, उघड्यावर दिसतील असे ठेवतात. ड्रिल चालू असताना डोळा हलला तर लगेच कळावं म्हणून. मग हिऱ्याच्या कणांचं वाकडं ड्रिल आत जातं. टणक ऑस्टिओमा अख्खा ओढून काढता येत नाही, नाकाची वाट तेवढी रुंद नसते. तो मधून कोरत पोकळ करतात, कवच पातळ झालं की आतल्या आत मोडून तुकड्यांनी बाहेर काढतात. ड्रिलची उष्णता मारायला सलाइनची धार सतत चालू असते, सक्शनच्या बाटलीत पांढरट गढूळ पाणी जमत जातं. मऊ प्रकाराला कमी वेळ, टणकाला बराच. उशीर होतोय तो हाड टणक आहे म्हणून, बहुतेक वेळा त्यात बिघडल्यासारखं काही नसतं.

धोके आहेत, ते झाकू नयेत: रक्तस्राव, डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, आणि पुढं कधीतरी वाट व्रणानं परत अरुंद होणं. संमतीपत्र वाचून सही करा.

तयारी

बायकांनी चमकीचं आधी बघावं. वर्षानुवर्षं नाकात बसलेल्या मळसूत्री चमकीचा फिरकीचा भाग घट्ट झालेला असतो, ऑपरेशनच्या सकाळी ती निघत नाही आणि ओढाओढीत नाकपुडी सुजते. तीन-चार दिवस आधी गुजरीत नेहमीच्या सोनाराकडं जाऊन काढून घ्या. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच ठेवा. नखांचं पॉलिश काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावरून नीट वाचत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, कुणी दिलेला काढा, सगळं डॉक्टरांना सांगा. मात्र हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. तंबाखू-मावा, बिडी जितक्या आधी सोडाल तितकी जखम चांगली भरेल. सहा ते आठ तास पोटात अन्न नको. चहाही दूध घातलेला चालत नाही, “घोटभरच घेतला” असं म्हणून लपवू नका, भुलीत उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

घरी आल्यावर

नाकात पॅक असेल तर साधारण 24 ते 48 तासांत काढतात. तोवर तोंडानं श्वास घ्यायचा, ओठ कोरडे पडतात, तूप लावा. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. काही दिवस गुलाबी पाणी, खपल्या, जुनं रक्त येत राहतं. ते ठीक आहे. नाक शिंकरायचं नाही, डॉक्टर परवानगी देईपर्यंत, बहुधा दोन आठवडे. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, दाबू नका. पोट साफ राहील असं खा, लागली तर इसबगोल घ्या, कुंथल्यानं डोक्यातला दाब वाढतो.

तांबड्या रश्श्याचं विचारतातच सगळे. पहिले आठ-दहा दिवस नको. वाफाळता, तिखट रस्सा प्यायला की नाक वाहायला लागतं आणि ओली जखम परत रक्त टाकते. कोमट मऊ भात, पेज, दूध, वरण. पांढरा रस्सा मिरी कमी टाकून, कोमट करून घ्या. जोर-बैठका, ओझं उचलणं, विहिरीत किंवा पंचगंगेत पोहणं महिनाभर तरी बंद. तालमीतल्या मुलांनी कुस्तीला हात लावण्याआधी तपासून घ्यायचं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम असेल तर परत जाताना मास्क घाला, आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेचा योग आला तर त्या वर्षी गुलालापासून लांब राहा. काही आठवडे वास कमी येतो, म्हणून गॅसचा कॉक दोनदा बघत जा.

नाक धुणं हे निम्मं औषध आहे. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. कवटीच्या तळाची दुरुस्ती झाली असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. पाणी खळखळ उकळू द्या, उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी कच्चं वापरायचं नाही, फिल्टरचंही उकळूनच घ्यायचं. नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे थेट मेंदूत जातो आणि तो आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पाव लिटर पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ, सपाट, आणि चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, घशातून ‘आ’ म्हणत राहा, आणि बाटलीनं किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं हलकेच पाणी सोडा. धार डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडं नाही, कानाच्या दिशेनं. दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येईल. झालं की मान खाली घालून पाणी गळू द्या. बाटली रोज धुऊन उन्हात वाळवा.

ताबडतोब दवाखान्यात यायचं ते कधी? वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखे थेंब टपटपले, घशात खारट लागलं, रुमालावर पडलेलं ते पाणी वाळूनही कडक झालं नाही. शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो, मेंदूभोवतीच्या पाण्यानं होत नाही. पण ही घरची चाचणी करत बसू नका, संशय आला की या. तसंच दिसणं कमी होणं, डोळा सुजून पुढं येणं, ताप आणि ताठलेली मान, न थांबणारं रक्त.

तपासणीच्या तारखा चुकवू नका. डॉक्टर दुर्बिणीनं खपल्या काढतात, त्यानंच वाट मोकळी राहते.

कागदपत्रं

काढलेले तुकडे तपासणीला जातातच. हाड तसंच कापता येत नाही, आधी आम्लात मऊ करावं लागतं, म्हणून हा रिपोर्ट साध्या गाठीपेक्षा उशिरा येतो. उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे. पण तो आणायला जायचंच, आणि फाइलमध्ये लावायचाच.

खर्चाचं म्हणाल, तर दसरा चौकाजवळच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे. खासगीत जायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आणि तुमचं ऑपरेशन दोन्ही बसतं का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत सायनस आणि साध्या गाठींसाठी प्रतीक्षा काळ आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत तो दोन वर्षांचा असतो. रेशनकार्ड, आधार, पहिल्या स्कॅनची सीडी, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत, आणि सोबत डोकेदुखीची वही.